कोशाचा दुपट्टा आणि डाग खाणारी पावडर

मित्रहो, आज सकाळी वरठीच्या माझ्या लाँड्रीत एक ताई कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी घेऊन आल्या. "काका, एन्झाइमवाल्या पावडरीत भिजवा ना, डाग लवकर जाईन." मी साफ नाही म्हटलं.

एक्क्याण्णव-ब्याण्णवात ही पावडर आमच्याकडे नवीन होती. पवनीचे विणकर रामाजी यांनी होणाऱ्या जावयासाठी स्वतः कोशाचा दुपट्टा विणला होता. लग्नाच्या दोन दिवस आधी त्यावर वरण सांडलं. मी तो दिवसभर पावडरीत भिजवला.

डाग गेला. पण झटकला तर कोशाची ती सळसळच नाही! जुन्या धोतरासारखा गप्प.

रामाजींनी दुपट्टा बोटांत चोळला. "रिठा सोडून हे काहून वापरलं गा? जे वरण खाते, थे किड्याची लाळ काहून सोडन?"

त्यांचं बरोबर होतं. एन्झाइम वरणातली प्रथिनं खातं, आणि किड्याच्या लाळेचं रेशीमही प्रथिनच.

मी मान खाली घातली. ते हसले, "राहू दे. जावई का कान लावून पाहून राहिला?"

मांडवात मात्र त्यांनी जावयाच्या खांद्यावर स्वतःचा जुना, अजून सळसळणारा दुपट्टा टाकला.

पावडरीच्या पाकिटामागचं 'रेशीम, लोकर धुऊ नये' तुमच्यापैकी कोणी वाचतं का हो?