आमचे नाबाद मेहुणे

समुद्रकिनाऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्या माणसांत आमच्या मेहुण्यांइतका यशस्वी फलंदाज झाला नाही आणि होणारही नाही. वयाच्या आठव्या वर्षापासून पंचावन्नाव्यापर्यंत हा गृहस्थ एकदाही बाद झाला नव्हता. आणि या विक्रमाचा त्यांना इतका संताप, की कुणी कौतुक केलं तर कुबडी उगारून अंगावर येत. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. काशीदच्या अलीकडे त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला. पायाबद्दल त्यांची कधी तक्रार नसे. "पाय गेला तो गेला हो भाऊजी, पण मला जन्माचा कच्चा लिंबू करून ठेवला लोकांनी!" हे मात्र पानाला चुना लावता लावता दिवसातून एकदा ठरलेलं. ज्याला खेळात घ्यायचं पण धरायचं नाही, जो आऊट झाला तरी आऊट नाही, तो कच्चा लिंबू. बाकीची पोरं दोन-चार वर्षांत पिकतात. मेहुण्यांना कुणी पिकूच दिलं नाही.

त्यामुळे दयेचा वास त्यांना सुक्या बोंबलासारखा लांबूनच येई. पत्ते खेळताना माझ्या बायकोनं मुद्दाम हुकमाचा एक्का दाबून धरला, की "नंदे, माझा पाय अधू आहे, डोकं नाही," म्हणून डाव उधळलाच. एकदा तळा गावात कुठल्याशा मंडळानं दिव्यांगांच्या शर्यती ठेवल्या होत्या. मेहुणे मोठ्या उमेदीनं गेले, जीव तोडून पळाले आणि शेवटून पहिले आले. तरी सगळ्यांच्या गळ्यात सारखंच पदक पडलं. यांनी ते तिथल्या तिथे काढून टेबलावर ठेवलं. "अहो, जो पहिला आला त्याचा तरी अपमान करू नका!" मग त्या पहिल्या आलेल्या शिंप्याला उसाचा रस पाजला आणि वळणावर कुबडी नेमकी कशी टेकतोस, हे तासभर खोदून खोदून विचारलं. घरी आले ते असे खुशीत, जणू पदक घेऊनच आलेत.

पण खरा जीव अडकला होता तो शिमग्याच्या मॅचमध्ये. होळीच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटी लागली की आमची वाडी विरुद्ध कोळीवाडा असा सामना होतो. ओल्या वाळूत रुतू नये म्हणून मेहुणे कुबडीच्या टोकाला जुन्या चपलेचा गोल तुकडा ठोकतात. कुबडी डाव्या काखेत, बॅट उजव्या हातात. रनर दिला तर त्यालाच हाकलून देतात आणि स्वतःच्या धावा स्वतः पळतात. गोलंदाज त्यांना चेंडू असा टाकणार, की नवसाच्या पोराला कुणी घास भरवावा. झेल हातात आला की सुटणार. एकदा मेहुणे खेळपट्टीच्या मध्येच अडकले आणि कोळीवाड्याचा भिकू हातात चेंडू घेऊन दांडीपाशी नुसता उभा राहिला. "पाड की रे दांडी!" मेहुणे ओरडले. "न्हाय दादा, या तुमी सावकाश," भिकू म्हणाला. मेहुणेही हट्टाला पेटले, जागचे हलेनात. शेवटी भरतीचं पाणी दोघांच्या घोट्यांना लागलं आणि मॅच तिथेच संपली.

आणि या सगळ्यात मोठा गुन्हेगार मी, कारण पंच मीच. एका वर्षी त्यांच्या बॅटला चेंडू लागल्याचा आवाज थेट आगरदांड्याच्या जेटीवर गेला असेल. चुकून झेलही घेतला गेला. मी मान हलवली, "लागला नाही." मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले आणि गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटायचं, आपण प्रेमानं वागतोय. कपाळ माझं!

यंदा कोळीवाड्याला एक खेळाडू कमी पडला, म्हणून भिकूनं आगरदांड्याहून शिमग्याला आलेल्या आपल्या भाचीला उतरवलं. विशीतली, खांद्यानं मजबूत पोर. तिला आमचे रीतिरिवाज कुणी सांगितलेच नव्हते. मेहुणे खेळायला आले. ती लांबून धावत आली आणि पहिलाच चेंडू असा टाकला, की मधली दांडी उपटून मागे वाळूत जाऊन पडली.

भिकू तिच्यावर धावून गेला, "अगं, त्यांना असा टाकतात व्हय?" ती गोंधळली. "म्हंजे? दांडी पडली का न्हाय?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिकू डोळ्यांनी खुणावत होता, नो बॉल द्या. मेहुणे मात्र नुसते उभे होते. त्यांच्या तोंडावरची ती धास्ती मी जन्मात विसरणार नाही. बाद होण्याची धास्ती असती तर मला कळली असती. ही मी पुन्हा माती खाईन याची होती. मी बोट वर केलं.

मेहुणे परत निघाले. बाद झालेला फलंदाज मान खाली घालून सुरूच्या झाडांपर्यंत चालत जातो ना, त्या वाटेनं त्यांनी सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांनाच जाताना पाहिलं होतं. सावकाश चालले. मध्ये थांबून बॅट कुबडीवर आपटली, स्वतःलाच एक शिवी हासडली. सुरूखाली बसले आणि पंचानं डोळे पुसलेले कुणी बघू नयेत, म्हणून मी समुद्राकडे तोंड केलं.

आता ती पोर भिकूकडे आली की मेहुणे तिला गाठतात आणि ती त्यांना हटकून बाद करते. परवाही संध्याकाळी फोन आला. घरात नातू झाल्याचं सांगावं, तसा आवाज. "भाऊजी, आज पुन्हा बाद!"

इतक्या वर्षांत जे त्यांना कुणी, अगदी मीसुद्धा, कधी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"कसे झालात हो?"

आणि मेहुणे पाऊण तास सांगत राहिले.