म्हाताऱ्याचा आवाज

वयाच्या सव्विसाव्या वर्षी लोक आपल्याला म्हातारा म्हणू लागले, तर माणसानं एक तर भांडावं, नाही तर सवय करून घ्यावी. यानं सवय करून घेतली. आता तो खरोखरच म्हातारा झाला होता, आणि नावाला जागला म्हणून कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

नोकरी विमा कचेरीत, कारकुनाची. पण सुट्टीचा दिवस उजाडला की स्वारी डबिंगच्या खोलीत. खोली कसली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली कोंदट कोठडी! परदेशातले मारामारीचे सिनेमे कुणीतरी स्वस्तात उचलून आणायचा आणि एका दिवसात ते आपल्या भाषेत बोलू लागायचे. हा तिथं गेला तो निव्वळ वेडापायी. उड्या मारत भांडणारी माणसं, मुखवटे घातलेले कॉमिक्समधले वीर, छपाईत रंग रेषेबाहेर गेलेली ती पातळ पुस्तकं, यांवर त्याचा जीव होता. पहिल्याच दिवशी गुरूला आवाज देणारा नट आला नाही आणि मालकानं बघ्यांतल्या यालाच माइकसमोर ढकललं. पडद्यावरचा गुरू पांढऱ्या दाढीचा, डोंगरावर राहणारा. नायकाला विद्या शिकवायची आणि मध्यंतराआधी मरून जायचं, एवढंच त्याचं काम.

मरतानाचं वाक्य लिहून दिलेलं होतं: ‘पोरा, हात मोडला तरी चालेल, पाय मागं घेऊ नकोस.’ वाक्य संपलं, पण पडद्यावरच्या गुरूचे ओठ काही थांबेनात. तो आपला त्याच्या भाषेत बोलतोच आहे! माइक चालू, मालक डोळे वटारतोय. ओठ रिकामे ठेवायचे नाहीत, हा त्या धंद्यातला पहिला नियम. यानं जे सुचलं ते ओठांवर बसवून टाकलं: ‘समजलं? नाही समजलं. समजेल.’ मग गुरूनं मान टाकली, आणि त्या दिवसापासून डबिंगच्या खोलीतले सगळे याला म्हातारा म्हणू लागले.

ते चार शब्द सिनेमापेक्षा मोठे झाले. कॉलेजातली पोरं परीक्षेचा पेपर देऊन बाहेर येताना ते म्हणू लागली. पुढं ते बनियनवर छापले गेले, मग अंगठ्याएवढ्या चित्रांतून फोनवर फिरू लागले. गुरूचे आणखी सिनेमे आले. एकदा मेलेला म्हातारा पुढच्या सिनेमात जुळा भाऊ म्हणून यायचा आणि पुन्हा मरायचा. सगळ्यांना आवाज याचाच. तोंड मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला त्यातच मजा वाटायची. बसमध्ये मागच्या सीटवरचा त्याचंच वाक्य त्याच्याहून वाईट आवाजात म्हणायचा, आणि हा खिडकीबाहेर बघत हसायचा.

बायकोनं त्यातला एकही सिनेमा पाहिला नाही. ती बालवाडीत शिकवायची. दिवसभर खऱ्या मारामाऱ्या सोडवल्यावर खोट्या कोण बघणार? शिवाय तिचा एक राग होता आणि तो खोटा नव्हता. आवाज जपायचा म्हणून हा घरी बोलायचाच नाही. हूं, बरं, बघू. संपलं. “चांगला आवाज त्या मेल्या दाढीवाल्याला,” ती म्हणायची, “आणि मला नुसतं हुंकारांवर ठेवलंय.” याचं उत्तर: हूं.

मग घसा बसला. आधी सर्दी म्हणून काढा, मग उन्हाळा म्हणून गुळण्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं नळी घालून आत पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ आहे, वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

“पूर्ण?” त्यानं विचारलं.

“पूर्ण. बुधवारी करून टाकू. तोवर कमी बोला. जेवढं बोलाल तेवढं दुखेल, आणि कधी चिरकून बंद पडेल, सांगता यायचं नाही.”

डॉक्टरकडून दोघं बरोबरच घरी आली. चप्पल काढता काढता बायको म्हणाली, “मला तुमचा आवाज फोनमध्ये भरून ठेवायचाय. तुमचा. त्या दाढीवाल्याचा जगभर पडलाय, तो नकोय मला.” तो हूं म्हणाला, पण या वेळी त्या हूंमध्ये होकार होता.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं त्याच आठवड्यात कॉमिक्सवालीचं बोलावणं आलं. ही तिशीतली बाई. तिचं जुन्या कॉमिक्सचं दुकान होतं, आणि गुरूच्या चाहत्यांत याचं खरं रूप ठाऊक असलेली ती एकटीच. रविवारी दुपारी ती एका जुन्या थिएटरात गुरूचा पहिला सिनेमा दाखवणार होती. मरणाच्या प्रसंगाला पडद्याचा आवाज बंद करायचा आणि यानं पडद्याशेजारी उभं राहून ते प्रत्यक्ष बोलायचं, असा तिचा बेत. आजाराचं तिला ठाऊक नव्हतं. यानंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं बोलावणं मागं घेतलं असतं, आणि ते त्याला नको होतं! एवढी वर्षं तोंड लपवलं, आता आवाज जायच्या आधी एकदा लोकांसमोर यावं, असं त्याला फार वाटत होतं.

बायको भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत म्हणाली, “जा. पण सगळा तिकडं उधळून येऊ नका. थोडा माझ्यासाठी ठेवा.”

थिएटर खच्चून भरलं होतं. कापसाच्या दाढ्या लावलेली माणसं, दाढी लावलेल्या बायका, एका तान्ह्या बाळालासुद्धा दाढी! त्याला बघून जो गलका उठला, त्यातून वाट काढत म्हातारा पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला. मरणाचा प्रसंग आला. पडद्याचा आवाज बंद झाला. त्यानं माइक धरला, छातीत हवा भरली आणि म्हणाला, “पोरा...”

पुढचं थिएटर बोललं. सगळं. हात मोडला तरी चालेल, पाय मागं घेऊ नकोस, थेट छताला भिडेल अशा आवाजात, पडद्यावरच्या गुरूच्या ओठांशी ओठ जुळवून. या लोकांची ती रीतच होती. प्रत्येक खेळाला ते गुरूबरोबर मरत होते, आणि हे कुणी म्हाताऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याचा बसका आवाज त्याच्या स्वतःच्या कानालासुद्धा ऐकू येईना. क्षणभर तो चमकला. मग त्यानं आवाज थांबवला आणि नुसते ओठ हलवले. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ‘समजलं? नाही समजलं. समजेल.’ थिएटर ओरडलं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कॉमिक्सवाली तर रडत होती.

त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण बसमध्ये बसल्यावर मनात खुपायला लागलं. माझ्यावाचून यांचं अडलं नाही. मी तोंड हलवत होतो आणि काम झालं. घर जवळ आलं तसं त्याला दुसरंच सुचलं: आवाज वाचला की! तिच्यासाठी वाचला. जिना चढताना तो जवळजवळ खुशीत होता.

सोमवारी सकाळी बायकोनं चहाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. खिडक्या लावल्या. समोर स्टूल ठेवून बसली. “भाषण नकोय,” ती म्हणाली. “रोजचंच काहीतरी बोला. मला हाक मारा.” तिनं बटण दाबलं.

तो बोलला. “अगं, ऐकलंस का...” आणि बोलला तो गुरू. खर्जातला, डोंगरावरचा, प्रत्येक शब्दाआधी श्वास घेणारा.

“हा तुमचा दाढीवाला,” ती हसत म्हणाली. “पुन्हा.”

दुसऱ्यांदा सेनापती आला, गुरूला मारणारा. त्याचा आवाजही यानंच दिलेला. तिसऱ्यांदा खाणावळीचा लबाड मालक. बटण दाबलं की घशात कुणीतरी दुसराच येऊन उभा राहायचा. समोर ओठ हलणारा कुणी असला की याला बोलता यायचं, आणि आता समोर होता तो चहाचा डबा. ती आधी हसत होती, मग हसेनाशी झाली.

“लग्नाआधी बागेतल्या बाकावर बोलायचात, तसं बोला ना.”

“कसा बोलायचो?”

“मला काय विचारता? तुम्हीच बोलायचात.”

त्याला आठवेना. त्यानं खरोखर प्रयत्न केला. घसा आतून सोलल्यासारखा दुखत होता, एकेक वाक्य शिल्लक खात होतं, आणि ती पुन्हा म्हणत होती, पुन्हा म्हणत होती. तिचंही चुकत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं मागून घेतलेली ही एकच गोष्ट. पण सातव्या की आठव्या वेळी तिनं “हाही नाही, पुन्हा” म्हटलं आणि त्याच्या डोक्यात सणक गेली.

“अगं, बंद कर ते! मेलोय का मी अजून? सकाळपासून डोकं उठवलंयस नुसतं! कशाला हवाय तुला माझा आवाज, काय करणारेस त्याचं? एवढी वर्षं चाललं ना त्याच्याशिवाय...”

शेवटच्या शब्दाला घसा चिरकला आणि बंद झाला. त्यानं तोंड उघडून पाहिलं. हवा येत होती, बाकी काही नाही.

ती स्टुलावरून उठली. बटण दाबून फोन उचलला. “राहू दे,” म्हणाली, आणि त्याला गरम पाणी आणायला आत गेली. तिनं सगळं पुसून टाकलं असेल, असं तो धरून चालला. बुधवारी शस्त्रक्रिया झाली. बेशुद्धीचं औषध द्यायच्या आधी तिनं त्याचा हात धरला होता. त्याला माफी मागायची होती आणि ती मागायला काही उरलं नव्हतं.

घरी आला तो मानेवर पट्टी आणि हातात पाटी घेऊन. कॉमिक्सवाली येऊन गेली, खूप रडली, जुन्या अंकांचा गठ्ठा ठेवून गेली. त्याच्याच्यानं उघडवेना. ते वीर संकटातसुद्धा किती बडबडतात, हे आधी कधी जाणवलं नव्हतं.

एका दुपारी तो पडला असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘अगं, बंद कर ते! मेलोय का मी अजून?’

मागोमाग बायकोचा, भांडी आवरता आवरता, अगदी रोजचा: “हो, हो. करते बंद. ओरडू नका.”

तो दारात जाऊन उभा राहिला. तिनं दचकून फोनवर फडकं टाकलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाटीवर लिहिलं: ‘पूस ते.’

“नाही पुसणार.”

त्यानं पुसून पुन्हा लिहिलं: ‘मला असं बोलायचं नव्हतं.’

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पण बोललात. लागलं मला, खूप लागलं. तरी त्या सगळ्यांत तो एकच तुम्ही आहात. बाकीचे मी पुसून टाकले.”

तिनं फडकं काढलं आणि फोन पुन्हा लावला. तो दाराच्या चौकटीला धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. स्वतःचा खरा आवाज तो असा बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होता. तो काही फार चांगला नव्हता. थोडा नाकातला, पातळ, चारचौघांसारखा, आणि शेवटी फाटलेला. ती मात्र हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत होती.