मिश्रीनं खाल्लेला उजेड

दुष्काळाच्या त्या वर्षी मुकुंदवाडीत चोहीकडं इमारती उठत होत्या आणि पाणी टँकरनं येत होतं. तो कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. घागरी रांगेत लावून आम्ही बायका सकाळपासून दारात असायचो. बसलं तरी कान रस्त्याकडं.

माझी लेक विद्यापीठात संशोधन करायची. काचेच्या पट्टीवर ती कसलासा पातळ थर चढवायची. नुसत्या डोळ्यांना तो दिसायचाही नाही, पण जांभळ्या दिव्याखाली धरला की हिरवा उजळायचा. लाळेत साखर जास्त असली की तो उजेड मंद व्हायचा. बोटाला सुई टोचायची गरज नाही, थुंकी दिली की झालं, असं तिचं म्हणणं. मला सुईचा तिटकारा, म्हणून तेवढं पटलं होतं. बाकी माझी शाळा चौथीपर्यंत. ती सांगायची, मी मान हलवायचे.

साखरेच्या पाण्यावर तिची पट्टी बरोबर चालली. आता माणसांच्या लाळेवर चालली तर ठीक, नाहीतर इतक्या वर्षांचं काम फुकट, असं तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं.

तिनं गल्लीतल्या बायकांना गाठलं. सकाळी काही न खाता लाळ द्यायची. शेजारीण म्हणाली, "टँकरची वाट बघून तोंड सुकलं, आता उरली थुंकी बी हिला पायजे." पण दिली सगळ्यांनी.

सगळ्यांच्या पट्ट्या मंद निघाल्या. अख्ख्या गल्लीला साखर कशी असेल? म्हणजे थरच बिघडलेला. तिनं नवा केला, तरी तेच. तिचं जेवण तुटलं. ती घरात येरझारा घालायची आणि मी टँकरसाठी दारापर्यंत. दोन खोल्यांत आम्ही एकमेकींना धडकायचो. जमत नसलं तर सोड, शाळेत शिकवायला लाग, असं मी सांगितलं.

एका सकाळी मी ओट्यावर बसून दातांना मिश्री लावत होते. पाणी नव्हतं, म्हणून एकाच घोटात चूळ भरून टाकली. ती बघत राहिली.

"आई, लाळ दिलीस त्या दिवशीपण लावली होतीस?"

"व्हय. समद्याच लावतात."

"मग काही खाल्लं नाही म्हणालीस?"

"मिश्री काय खायची वस्तू हाय?"

तिनं कपाळावर हात मारला. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड लाळेत उतरून उजेड खात होती. जन्मापासून ती मला मिश्री लावताना बघत होती; तिच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या यायचं काही कारण नव्हतं.

मग तिनं बायकांना काही दिवस मिश्री सोडायला सांगितलं. चुळा भरायला पाणी ती विद्यापीठातून बाटल्या भरून आणायची. काहींनी सरळ नाही म्हटलं. शेजारणीनं सोडली, आणखी दोघींनी सोडली आणि मीही. ते दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, हाताला चाळा लागायचा, रांगेत मी विनाकारण भांडायचे.

पुन्हा लाळ दिली. लेकीनं दिवा घरी आणला, खिडकीला गोधडी लावली. शेजारणीची पट्टी हिरवीगार उजळली. त्या दोघींच्याही उजळल्या. माझी मंद. तिनं दुसरी पट्टी घेतली, तीही मंद. मग ती दिवा हातात धरून नुसती बसली.

मी म्हटलं, "बाकीच्यांच्या उजळल्या ना? मग चाललं तुझं."

"उद्या रक्त तपासायला जायचं, आई."

"म्हंजे सुई."

"व्हय, सुई," ती माझ्यासारखंच म्हणाली.

गोधडी काढली तेव्हा बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता. मी घागर घेतली आणि फळीवरची मिश्रीची डबीही. सुई रक्तच काढणार होती, तोंडात मिश्री आहे की नाही ते काही ती विचारणार नव्हती.