शीला सिस्टरचा ट्रे आणि तांड्यावरचा चहा

शीला सिस्टरने गुलाबी डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "सर, हे तुमचं तुमाला. माझे दात हायेत तसेच राहू द्या."

डबीत तिच्या वरच्या दातांचा ट्रे होता. महिनाभरापूर्वी मोठ्या हौसेने बसवलेला.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मोडला?"

"न्हाई सर. काल तांड्यावर इंजेक्शनचा दिवस होता. एक लेकरू आलं न्हाई. लसीची पेटी जशी नेली तशी वापस आणली."

दातांचा आणि लसीचा काय संबंध, ते मला कळेना. बाहेर दोन पेशंट गालाला हात लावून बसले होते. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि सिस्टरला म्हटलं, बसा, नीट सांगा.

ही गोष्ट दोन हजार सातच्या आसपासची. हिंगोलीत माझा दाताचा दवाखाना. दात काढणे, सिमेंट भरणे, कवळ्या करणे ही आमची रोजची कामं. वाकडे दात सरळ करायचं काम मात्र माझा मित्र विनय करायचा. तो त्यातला स्पेशालिस्ट. औरंगाबादहून महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचा. दात सरळ करायचे म्हणजे तारा, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. विनयने नवीन काहीतरी शिकून आणलं होतं. पेशंटच्या दातांचा प्लास्टरचा साचा करायचा, त्या साच्यात वाकडा दात किंचित सरकवायचा आणि त्यावर तापवलेली पारदर्शक शीट दाबून ट्रे तयार करायचा. तो ट्रे दातांवर चढवला की दात हळूहळू त्याच्या आकारात येतो. मग पुढचा ट्रे. नखावर नेलपॉलिश असावं तसा तो दातांवर बसायचा, लांबून कुणाला दिसायचाही नाही. त्याला आम्ही अलाइनर म्हणायचो.

शीला राठोड कनेरगाव नाक्याकडच्या उपकेंद्रात नर्स होती. आसपासचे बंजाऱ्यांचे तांडे तिच्याकडे. ती स्वतःही तांड्यातलीच. समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे हसू आलं की पदर तोंडावर जायचा. बोलतानाही हात ओठांशी. तारा लावू म्हटलं तर म्हणाली, "सर, माझ्या हातात सुई असते. तोंडात बी लोखंड दिसलं तर लेकरं जवळ येतील काय?" मुद्दा बिनतोड होता. विनयला असाच पेशंट हवा होता.

पहिला आठवडा कुणाचाच सोपा जात नाही. दात आवळल्यासारखे वाटतात. तोंडात लाळ साचते. 'स' म्हणताना हवा निसटते. मी तिला सांगितलं, घरी मोठ्याने वाचत जा, जीभ वळणावर येते. तिने सासूला रोज पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. सासू खूश झाली. सूनबाई आपल्याशी एवढं कधी बोलली नव्हती, असं ती शेजारणीला सांगत होती म्हणे.

गाडी अडली ती चहावर. अलाइनरचा नियम एकच आणि तो कडक. दिवसरात्र घालायचा, फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचा. तोंडात असताना थंड पाणी सोडून काहीही घ्यायचं नाही. गरम चहाने ती शीट मऊ पडते. आणि तांड्यावरचा चहा कपात आला तरी उकळतच असतो. सिस्टरने पहिल्याच आठवड्यात ट्रे न काढता घरोघरचा चहा घेतला. ट्रे वाकला, वर चहाचा रंगही चढला. विनयने औरंगाबादहून नवा करून पाठवला, पण फोनवर चांगलंच झापलं. "सिस्टर, चहा बंद म्हणजे बंद! बावीस तास ट्रे तोंडात पाहिजे."

सिस्टर शिस्तीची. तिने चहा बंद केला.

आता इथे आमच्या भागातली रीत सांगायला हवी. तांड्यावर नर्स गेली की आधी चहा, मग काम. ज्या घरचा चहा नर्सने घेतला, त्या घरचं लेकरू तिच्या मांडीवर येणार. सुई टोचली की लेकराला रात्रभर ताप येतो, आई जागते, घरचे बोल लावतात. एवढं सोसायचं ते कुणाच्या भरवशावर? आपल्या चुलीपाशी बसून कपबशी हातात घेणाऱ्या बाईच्या भरवशावर. हा भरवसा मिळवायला सिस्टरला काही वर्षं लागली होती.

आणि ती आता रोज एक नवी सबब सांगत होती. आज उपास हाय. आज पित्त झालंय. आज आत्ताच घेऊन आले. बायकांनी दोन आठवडे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आपलीच पोरगी, पगार आला तर आपल्या घरचा चहा चालंना. काल म्हणूनच ती झाडाखाली एकटी बसून परत आली होती.

"अहो, मग ट्रे काढायचा, चहा घ्यायचा, चूळ भरून परत घालायचा. एवढ्याने काही बिघडत नाही," मी म्हणालो.

ती खाली बघत राहिली. "तुमी या सर तिकडं. तुमीच सांगा त्यांना. डॉक्टरचं ऐकतील."

मला ते फार आवडलं. डॉक्टरचं ऐकतील म्हटल्यावर कोणत्या डॉक्टरला आवडत नाही? रविवारी स्कूटर काढली, डिकीत दातांचं प्लास्टरचं मॉडेल टाकलं आणि तांड्यावर पोचलो.

सोनीबाईच्या अंगणात बसायची सोय केलेली. सोनीबाई म्हणजे तिथली सगळ्यात जुनी सुईण. तांड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तिने नाही म्हटलं की तांड्याचं नाही. चहा आला. मी घेतला, जीभ भाजली. सिस्टर कप समोर ठेवून बसून राहिली. बायका आपसात त्यांच्या भाषेत काही बोलल्या.

मी भाषण सुरू केलं. दात कसे सरकतात, शीट कशी तापते. समजावं म्हणून मॉडेल बाहेर काढून फिरवलं.

एका तरुण बाईने विचारलं, "हे कुणाचे दात हायेत?"

"तुमच्या सिस्टरचेच!" मी उत्साहाने सांगितलं.

सगळ्यांनी ते चढलेले दोन दात निरखून बघितले. बोट लावून बघितले. मग सगळ्यांनी सिस्टरकडे बघितलं. तिचा पदर नाकापर्यंत गेला होता आणि वरचे डोळे माझ्याकडे असे रोखलेले, की इंजेक्शन जवळ असतं तर ते मलाच बसलं असतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रे काढायचा म्हणजे चारचौघींसमोर तोंड उघडायचं. ते टाळायला ती सगळ्या सबबी सांगत होती. आणि जे तिने जन्मभर झाकलं ते मी दुपारच्या उन्हात हातोहात फिरवत होतो. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनीबाईने मॉडेल खाली ठेवलं. माझ्यासाठी मराठीत बोलली. "ते बराबर हाय डाक्टर. पण ही चहा काहून पित न्हाई?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात सिस्टरने पदर सोडला. लपवायला आता राहिलंच काय होतं! दाढेपाशी बोट घातलं, मी शिकवलं होतं तसं मागून सोडवलं आणि ट्रे काढून तळहातावर धरला. लाळेची एक तार लोंबत राहिली.

"यामुळं," ती म्हणाली. "हे घालून चहा चालत न्हाई. काढायची मला लाज वाटून राहिली होती."

मग सोनीबाई फसकन हसली. तोंडात दोन बोटं घातली आणि आपली वरची कवळी काढून सिस्टरच्या तळहाताशेजारी धरली. बोळक्या तोंडाने म्हणाली, "एवढंच व्हय शीले? माझी बी निघते की!"

त्यानंतर जे हसणं सुटलं, ते आवरायला बराच वेळ लागला. सिस्टरही हसत होती, दोन्ही दात उघडे टाकून. मला खरं तर भरून आलं होतं. पण धंद्याची खोड जात नाही. माझी नजर कवळीवर. कडा झिजलेली, माप चुकलेलं. बाईला हिरडीत नक्की टोचत असणार.

"सोनीबाई, ही कवळी तकलीफ देत असेल."

"देती तर. पण आधी पोरीला चहा पिऊ द्या."

सुनेने वाटीत पाणी आणलं. सोनीबाईने सिस्टरचा ट्रे त्यात अलगद सोडला. सिस्टरने चहा घेतला, तोही दोनदा.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी सिस्टरचा दवाखान्यात फोन आला. पाठीमागे लेकरांची एवढी रडारड चालली होती की तिचं बोलणं धड ऐकू येईना. तेवढ्यावरून मला काय ते कळलं. तेव्हापासून तिच्यासाठी प्रत्येक घरी कपबशीबरोबर पाण्याची वाटी यायला लागली. चहा झाला की बायकाच दटावायच्या, "घाल आता दात."

पुढच्या खेपेला विनयने तिचे दात तपासले आणि भुवया चढवल्या. "हे फार हळू सरकताहेत. पेशंट नियम पाळत नाही वाटतं."

"पाळते. पण तिच्याकडे तांडे बरेच आहेत."

दात सरळ झाले. विनयने सांगितलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. सोनीबाईची कवळी मी नवी करून दिली. ती तिला अजून पसंत नाही, जुनी बोलायला बरी होती म्हणते.

अलाइनर आता सगळीकडे झालेत. नव्या पेशंटला मी दात बघण्याआधी विचारतो, दिवसभरात किती घरी चहा होतो. पुस्तकात बावीस तास लिहिलेत. आमच्याकडे अठरा धरायचे, आणि दात उशिरा सरकले तर सरकू द्यायचे.