कॅम्पर घरी आणताना

शुक्रवारी सकाळी नेपरव्हिलच्या आमच्या घरासमोरून निघालो, तेव्हा शेजारपाजारचे दोघेतिघे हात हलवायला बाहेर आले होते. आम्हाला नव्हे, आमच्या कॅम्परला. पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायची एक चपटी पेटी. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून छप्पर वर उचलायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, की कापडी भिंतींची खोली तयार. आमचा कॅम्पर आधीच्या मालकाच्या परसात सहा वर्षं पडून होता. कापडाला उंदरांनी भोकं पाडली होती, तळाची फळी कुजली होती. फळी, चाकं, दिवे हे सगळं माझ्या नवऱ्याने, वसंतने, हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून नवं केलं. कापड मी शिवलं. माझ्या वडिलांचा सांगलीला मांडव आणि कनातींचा धंदा होता. जाड कापडाची शिवण दुमडून दोनदा कशी मारायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याची हद्द ओलांडली की मक्याची शेतं आणि लाल कोठारं सुरू होतात. मागच्या सीटवर आमची दहा वर्षांची रोहिणी मांडीवर नकाशा पसरून बसली होती. दुपारी झाडांच्या मधून अचानक आमच्या मुक्कामाचं तळं दिसलं. आपल्याकडचं तळं म्हटलं की घाट येतो, पायऱ्या येतात. इथे गवत संपलं की पाणीच. लाकडी धक्का, उलटी टाकलेली एक होडी, आणि पलीकडच्या काठापर्यंत हलकं निळं पाणी.

"कॅन आय गो इन?" रोहिणीने गाडी थांबायच्या आधीच विचारलं.

"आधी छप्पर," वसंत म्हणाला.

त्याने गाडीपासून कॅम्पर सोडवला आणि हँडल फिरवायला घेतलं. छप्पर अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात आतला खटका निसटला. हँडल उलटं गरगर फिरलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. तो मनगट धरून गवतात बसला. मनगट बघता बघता सुजलं.

शेजारच्या जागेवर डॉरिस नावाच्या एक सत्तरीच्या बाई आपला ट्रेलर घेऊन एकट्याच उतरल्या होत्या. त्यांनी रोहिणीला स्वतःजवळ ठेवून घेतलं आणि गावातल्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. कॅम्पर सोडलेली गाडी मी चालवली. त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून आम्ही परत आलो, तोवर डॉरिसबाईंनी आणि रोहिणीने खटका नीट बसवून छप्पर उभं केलं होतं. संध्याकाळी गॅसच्या शेगडीवर मी पिठलं केलं. डॉरिसबाईंनी निखाऱ्यावर भाजलेली कणसं आणली; मी त्यांना लिंबू, मीठ आणि तिखट लावलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि दुसरं कणीस पुढे केलं.

जेवताना वसंत म्हणाला, "रविवारी माझ्या ऑफिसातल्या देशपांडेला फोन करून बोलावतो. तो येऊन गाडी नेईल."

"देशपांड्यांनी कधी ट्रेलर ओढलाय?"

"नाही."

"मग त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक?"

"सुधा, हा हायवे आहे. तू किराणा आणायला जातेस ते वेगळं."

मी भांडले नाही. पण लायसन मिळून मला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत आम्ही सगळे गाडीत असताना मी एकदाही स्टिअरिंगवर बसले नव्हते. हे त्याने ठरवलं नव्हतं, मीही ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं होतं.

सकाळी मी डॉरिसबाईंकडे गेले. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं त्या स्वतःचा ट्रेलर एकट्याच ओढत होत्या. त्यांनी आपल्या गाडीला तो जोडला आणि मला बसवलं. सरळ जाणं सोपं. मागे घेताना मात्र ट्रेलर उलटीकडे पळायचा. दोनदा तो झुडपात शिरला.

"हनी, हात वर नको, स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धर," त्या म्हणाल्या. "मागचं टोक जिकडे न्यायचं, तिकडे हात ने. आणि घाई कुणाची आहे?"

तासाभराने ट्रेलर माझं ऐकू लागला.

दुपारी तळ्यावर धो धो पाऊस आला. आम्ही तिघं आत बसून पत्ते खेळलो. कापडावर पाणी आपटत होतं, शिवणी कोरड्या होत्या. एकाच कोपऱ्यात थेंब आला; तिथे मी आतून मेणबत्ती घासली आणि तोही थांबला. वसंतने डाव्या हाताने ती शिवण चाचपून बघितली. मग म्हणाला, "उद्या तूच चालव."

रविवारी निघालो. पहिले दहा मैल माझे खांदे दगडासारखे झाले होते. एक लांबलचक ट्रक बाजूने गेला, तेव्हा मागचा कॅम्पर हेलकावला. मी ब्रेक मारला नाही, वेग हळूहळू कमी केला आणि तो आपोआप सरळ झाला. वसंतने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. नंतर तो खिडकीबाहेर बघू लागला.

"अगं, इथे नदी आहे! येताना मला दिसलीच नाही."

"येताना तू रस्ता बघत होतास," मी म्हटलं.

संध्याकाळी घरासमोर आलो. कॅम्पर गॅरेजकडे मागे घेताना पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या हिरवळीवर एक चाक गेलं. दुसऱ्यांदा तो तिरका राहिला. तिसऱ्यांदा सरळ आत गेला.

रोज घरच सांभाळणाऱ्या बाईला तीन दिवसांत स्वतःबद्दल इतकं कळतं, म्हणून प्रवास करावा, असं काहीतरी मी मनात जुळवत होते. तेवढ्यात रोहिणीची मैत्रीण, शेजारची केटी, सायकल टाकून धावत आली. वसंतचं प्लास्टर बघून तिने रोहिणीला विचारलं, मग हे सगळं आणलं कुणी?

एरवी माझे इंग्रजी उच्चार ऐकून मैत्रिणींसमोर खाली बघणारी माझी मुलगी गाडीतून उतरली, दार धाडकन लावलं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "माय मॉम. द होल वे."