घरं मोजणारे मामा

‘‘थांब बे, घरं मोजू दे.’’

हे म्हणताना मामा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून एक बारीकशी खिडकी करायचे, ती डाव्या डोळ्याला लावायचे आणि समोर जे काही असेल ते त्यातून बघायचे. समोर भिंतीवरचं कॅलेंडर असो, शेजारणीची रांगोळी असो, नाहीतर माझा चौकड्यांचा शर्ट. एकदा माझ्या शर्टाची घरं मोजून म्हणाले, ‘‘खिसा लावताना शिंप्यानं अर्धं घर खाल्लंय.’’ तेव्हापासून तो शर्ट मला घालवत नाही.

मामा आमच्या गल्लीचेच मामा. चादरीच्या कारखान्यात ते नक्षी काढायचे. चौकोनी आखलेल्या कागदावर एकेक घर रंगवून मोर, कमळ, गोपूर उभं करायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. ती कार्डांची माळ मागावर चढली की मोर चादरीत उतरतो. एक भोक चुकलं तर साऱ्या चादरींत मोर लंगडा. पुढं ते काम कंप्युटरनं उचललं आणि मामा घरी बसले.

आता अशा माणसानं कंप्युटरचं तोंड बघू नये. पण मामांच्या लोखंडी कपाटात एकाच व्हिडिओ गेमच्या एकसष्ट कॅसेटी होत्या. टोपीवाला माणूस खड्ड्यांवरून, भिंतींवरून उड्या मारत जातो, तो गेम. आमच्या पिढीची अर्धी दहावी त्यानंच बुडवली.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती हावरेपणामुळे. पुण्याच्या भाच्यानं फोनवर काहीतरी पाठवलं, की असली एक जुनी कॅसेट परदेशात फ्लॅटच्या किमतीला गेली. मी त्याच पावली माळ्यावर चढलो. पत्र्याच्या पेटीत आमची कॅसेट सापडली. टॉवेलात गुंडाळून, बगलेत मारून मामांकडे गेलो. वाटेत दोघांनी विचारलं, ‘‘काय, पोहायला?’’

मामांच्या पुढ्यात बसून मी सवयीनं कॅसेटमध्ये फुंकर मारायला गेलो, तर त्यांनी हातच धरला.

‘‘थुंकी जाती की आत! तुमच्या पिढीनं फुंकून फुंकून मारल्या सगळ्या.’’

कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ती पुसली, टीव्हीखालच्या डब्यात बसवली. टोपीवाला पडद्यावर आला. मामांनी बोटांची खिडकी केली. बराच वेळ मोजलं.

‘‘सेकंड.’’

‘‘म्हणजे किती?’’

‘‘किती काय बे? कारखान्यात माल तीन जातीचा. फ्रेश, सेकंड, चिंधी. ही सेकंड. नकलेची नक्कल हाय, माझ्या एकसष्टांसारखीच. ढगाला एक घर कमी पडलंय, बघ.’’

माझा फ्लॅट त्या ढगातच विरला.

‘‘पण मग तुम्ही या नकला कशाला जमवता?’’ मी जरा चिडूनच विचारलं.

मामा टीव्हीजवळ सरकले. ‘‘हे कुनीतरी कागदावर काढलंय रे. घर भरून. सोळा घरांच्या उंचीत अख्खा मानूस बसवलाय, टोपी, बूट, सगळं. मला मोराला साठ लागायची. कोन असंल हा? त्याचा मूळ कागद कसा असंल? नकला करनाऱ्यांनी एकेक घर खाल्लंय. एकसष्ट नकला लावून बघतोय, त्याचा हात सापडतो का.’’

मग त्यांनी पलंगाखालून कागदाची गुंडाळी काढली. अख्खा गेम एका चादरीत. आठ पट्टे, आठ टप्पे. सात पट्टे रंगवून तयार. आठवा कोरा.

‘‘माझ्या सगळ्या कॅसेटी सातव्याच्या शेवटी अडकत्यात; खेळायला माझी बोटंबी आता पळत न्हाईत. आनि जुन्या कार्डाचा माग गावात एकच राहिलाय, तो संक्रांतीनंतर भंगारात जानार. तुझीत शेवट दिसतो का?’’

इथं माझी जीभ घसरली. ‘‘दिसतो म्हणजे? मी स्वतः दोनदा संपवलाय!’’

हे वाक्य मी तीस वर्षं सांगत आलोय. शाळेत, ऑफिसात, सासुरवाडीत. कुणी कधी ‘दाखव’ म्हणालं नव्हतं. मामांनी खेळायचा रिमोट हातात दिला.

पहिल्याच खड्ड्यात पडलो. ‘‘परत,’’ मामा म्हणाले. परत पडलो. तीन रविवार मी पडत होतो आणि मामा शिसपेन्सिल टोकरून बसत होते. तिसऱ्या रविवारी हळूच म्हणाले, ‘‘दोनदा म्हनलास न्हवं?’’

रागावले असते तर बरं झालं असतं. संक्रांत पंधरा दिवसांवर आली होती. मी सांगून टाकलं, की गेम संपवला होता माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. दुपारची भांडी झाली की ती पदर खोचून बसायची. मी नुसता शेजारी बसून ओरडायचो, आणि शाळेत जाऊन स्वतःच्या नावावर खपवायचो.

‘‘मग अक्काला बोलाव की,’’ मामा म्हणाले, जसं काही झालंच नाही.

अक्का मोहोळला असते. फोनवर मी चाचरत कबुली दिली, तर ती हसत सुटली. ‘‘मला ठाऊक हाय रे. आई म्हनायची, सांगू दे, त्याला दुसरं काय येतंय!’’

रविवारी ती एसटीनं आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दुखरे गुडघे. स्टुलावर बसली, चष्मा पुसला, रिमोट घेतला. दोन टप्पे चाचपडली. मग तिचे अंगठे असे चालू लागले, की मी पुन्हा शेजारी बसून ओरडायला लागलो.

आठवा टप्पा आला.

‘‘थांबव अक्का!’’ मामा ओरडले.

तिनं खेळ थांबवला. मामा घरं मोजून कागदावर उतरवणार, मग ‘‘चल’’ म्हणणार, ती चार पावलं जाऊन पुन्हा थांबणार. अख्खी दुपार गेली. अक्कानं मधल्या वेळात त्यांच्या सूनबाईंच्या शेंगा सोलून दिल्या. शेवटचा किल्ला, त्यावरचं निशाण. मामांनी पेन्सिल ठेवली, डोळे पुसले.

‘‘आता तरी फ्रेश?’’ मी विचारलं.

‘‘सेकंडच बे. पन पुरी हाय.’’

माग निघायच्या आधी त्यावर एकच चादर निघाली. मामांनी ती मोहोळला पाठवली, माझ्याच हातून. उन्हाळ्यात मामा गेले. सूनबाईंनी माझी कॅसेट परत केली. बाकीच्या एकसष्ट अजून त्या कपाटातच आहेत. भाच्याला कळवलं, फ्लॅट नाही म्हणून.

आपल्याकडच्या चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं असतं, तुम्ही पाहिलं असेल. या चादरीच्या काठावर मामांनी घरं मोजून विणलंय : ‘गेम पुरा केला – अक्का, मोहोळ’. आता मी कुठं काय सांगणार?

मोहोळला गेलो आणि दुपारी जेवून आडवा झालो, की अक्का तीच चादर पांघरायला देते. आणि देताना काठाचं टोक पायाकडे गेलं असेल, तर फिरवून माझ्या तोंडाकडे करते.