यंत्राने दोनदा पुसलं

डेटा सेंटरमध्ये ऑप्टिकल फायबरच्या तारा जोडण्यात माझी उमर गेली. जोडण्याआधी तारेचं टोक खास कापडाने पुसायचं असतं. घाईत मी ते सरळ शर्टाला पुसायचो आणि जोडणी बिघडली की धुळीला शिव्या घालायचो.

माणसं पाठवायचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने आता तिथे यंत्र बसवलंय. परवा मी फ्रीगंज मोहल्ल्यातल्या माझ्या घरूनच यंत्राला हुकूम सोडला आणि स्क्रीनवर बघत बसलो. हजारो तारांतून यंत्राने नेमकी एक अलगद ओढली. शेजारचीला धक्कासुद्धा लागला नाही. मग टोक पुसलं, तपासलं आणि मनासारखं झालं नाही म्हणून परत पुसलं. तिथे कुणी साहेब उभा नव्हता. गजब सब्र!

सवयीने माझ्या मुठीत शर्टाचा कोपरा आला होता. मी तो हळूच सोडला.